मंडईच्या उशिराचं खापर

सिद्धाराम शेटे यांचं भांड्यांचं दुकान बाजारपेठेच्या तोंडाशी आहे. गाव त्यांना सिद्रामआप्पा म्हणतं. लग्नाचा रुखवत असो की बारशाचा पाळणा, लोक आधी आप्पांच्या दुकानात डोकावतात. भाव करताना आवाज चढवायचा नाही, गिऱ्हाईक रिकाम्या हातानं गेलं तरी "या परत" म्हणायचं, असा त्यांचा स्वभाव. त्याच जोरावर ते नगरपंचायतीत निवडून आले. निवडून आल्यावर मात्र आपला शब्द गावात चालतो, या गोष्टीची त्यांना गोडी लागली.

नवी मंडई बांधायचं ठरलं तेव्हा हा शब्द उपयोगाला आला. जुन्या मंडईतल्या फळवाल्यांना उठवायचं कसं, हा प्रश्न होता. नगराध्यक्ष बबनराव म्हणाले, "आप्पा, तुमचं ऐकतील. तुमी जा."

आप्पा सरळ खाजामियाँकडे गेले. खाजामियाँच्या वडिलांपासूनचा तिथं दगडी ओटा होता. लिंबागणेशकडच्या डोंगरातली सीताफळं गावात आधी त्याच ओट्यावर यायची. बाकीचे फळवाले खाजामियाँ काय करतो ते पाहून पाऊल टाकायचे. पण तेव्हा रमजान चालू होता. फळांचा खरा धंदा त्याच महिन्यात.

"खाजाभाई, काम लगेच सुरू करायचंय," आप्पा म्हणाले. "पुढच्या दिवाळीला पक्क्या गाळ्यात बसशील. माझा शब्द हाय."

खाजामियाँची बायको अमीरबी बाजूला केळीचे घड लावत होती. "ईद होऊ द्या की आप्पा," ती म्हणाली.

खाजामियाँनं तिला हातानं थांबवलं. "आप्पा सवता आलेत. उद्या रिकामं करतो."

आणि केलं. दुसऱ्या दिवशी रोज्याच्या पोटी त्यानं स्वतःचं छप्पर उतरवलं, शेजाऱ्यांचीही उतरवून दिली. सगळे फळवाले बसस्टँडच्या रस्त्यावर गटारीच्या कडेला ताडपत्र्या बांधून बसले. आप्पांनी सभेत छाती फुगवून सांगितलं, एक माणूस कुरकुरला नाही.

मग ठेकेदारानं पाया खोदला आणि दुसऱ्या कामावर निघून गेला. खड्ड्यात पावसाचं पाणी साचलं, पोरं त्यात मासे धरू लागली. दुसरा पावसाळाही तसाच गेला. कधी कॉलम उभे राहिले, कधी सळया गंजत पडल्या. सिमेंटचे भाव वाढले, ठेकेदारानं वाढीव खर्चाचा अर्ज टाकला. इकडे रस्त्यावरच्या धुळीत आणि उन्हात केळी दुपारपर्यंत काळी पडायची. आप्पा तिथून जायचे तेव्हा खाजामियाँ नुसतं हसून सलाम करायचा. गाळ्याचं त्यानं कधी विचारलं नाही. आप्पाच आपणहून म्हणायचे, "होतंय, होतंय."

वाढीव खर्चाचा ठराव सभेपुढं आला त्याच्या आदल्या दिवशी बबनरावांनी आप्पांना बोलावून घेतलं. "उशीर का झाला म्हणून विरोधातला अभिमन्यू पिसं काढणार. जागा रिकामी व्हायला वेळ लागला म्हणायचं. तुमी म्हणलात तर कुणी शंका घेणार न्हाई."

आप्पा म्हणाले, "बघू." नाही म्हणाले नाहीत. आपण हे बोलणार नाही अशी मनाशी खात्री होती, म्हणूनच कदाचित नाही म्हणायची गरज वाटली नाही. उलट वाटेत खाजामियाँला त्यांनी सांगितलंही, "उद्या सभेला ये, तुमचाच विषय हाय."

सभेत अभिमन्यू उठला तो थेट आप्पांवरच घसरला. तरणा पोरगा, जीभ तिखट. "ह्या मंडईचा नारळ कुणाच्या हातात होता? सिद्रामआप्पांच्या. फळवाल्यांना उठवलं कुणी? आप्पांनी. आता आप्पांनीच सांगावं, उशीर कावून झाला? का नारळापुरतेच हायेत?"

सभागृह हसलं. बबनरावसुद्धा ओठ दाबून हसले. आप्पांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. इतक्या वर्षांत त्यांना कुणी असं चारचौघांत हसलं नव्हतं. ते उठले आणि तोंडातून निघून गेलं, "जागाच रिकामी झाली न्हाई वेळेवर! फळवाल्यांनी अडवून धरली. मी किती येळा पाया पडलो, मलाच ठाऊक."

बोलून झाल्यावर त्यांची नजर मागच्या बाकाकडे गेली. खाजामियाँ तिथं बसला होता. धुतलेला सदरा, डोक्यावर नवी टोपी. सभेला यायचं म्हणून घातली असणार.

अभिमन्यूनंही मागं वळून पाहिलं. "खाजाभाई, खरं हाय का हे?"

"प्रेक्षकांना बोलता येणार नाही," बबनराव म्हणाले.

पण खाजामियाँ उभा राहिला होता. तो आप्पांकडे बघत होता, रागानं नाही. आपल्याला नीट ऐकू आलं का, अशा नजरेनं. "आप्पा म्हणतेत," तो हळूच बोलला, "तर आसंल." आणि बसला.

हात वर झाले, ठराव मंजूर झाला. आप्पांचाही हात वर होता. सभा संपल्यावर ते मागच्या दारानं बाहेर पडले.

दोन दिवसांनी गावच्या साप्ताहिकात छापून आलं, फळविक्रेत्यांच्या अडवणुकीमुळं मंडई रखडली. लोकांच्या तोंडी तेच झालं. तोवर ज्यांना दया यायची तेही म्हणू लागले, ह्यांनीच केलंय, भोगू द्या. रस्ता मोकळा करायच्या नावाखाली नगरपंचायतीचा ट्रॅक्टर आला आणि ताडपत्र्या, क्रेट, वजनकाटे उचलून घेऊन गेला. आप्पा त्या दिवशी दुकानाबाहेर पडलेच नाहीत.

संध्याकाळी अमीरबी आली. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती. पायरीवर उभी राहूनच ती बोलली.

"आप्पा, रोजे होते तवा. म्या ह्यांना म्हणलं, ईद होऊ द्या. ह्यांनी ऐकलं न्हाई. आप्पाला शब्द दिलाय म्हणले. आता तुमीच सांगा, आमी अडवलं?"

आप्पांच्या हातात पितळी तांब्या होता. तो कुठं ठेवावा हेही त्यांना सुचेना. "बसा," ते म्हणाले, "पाणी घ्या."

"पाणी नको. सांगा फक्त."

आप्पा तांब्या पुसायला लागले. अमीरबी पायरी उतरून निघून गेली. गिऱ्हाइकं भांड्यांकडे बघत राहिली. आतल्या दाराशी आप्पांची बायको गंगासागर उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

जेवायला वाढताना तिनं एवढंच विचारलं, "खरंच तसं बोललात?"

"घाईत तोंडातून गेलं."

"मग माघारी घ्यायला कुणी धरलंय का?"

धरलं कुणीच नव्हतं. खाजामियाँकडे जाऊन एकट्यानं माफी मागावी, असं त्यांच्या दहादा मनात आलं. पण बोललो भर सभेत आणि माफी मागायची ताडपत्रीच्या आडोशाला, याचीही त्यांना लाज वाटत होती. आणि सभेत बोलायचं म्हटलं की ते हसणं पुन्हा ऐकू यायचं.

पुढच्या सभेचा पहिला विषय नेहमीचाच होता, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. एरवी ऑफिसातला बाबू वाचतो, सगळे चहा पितात. आप्पा उभे राहिले.

"माझं वाक्य चुकीचं हाय. ते कायम करू नका."

बबनराव म्हणाले, "आप्पा, शब्दांची दुरुस्ती असंल तर लिहून द्या."

"शब्द बरोबर लिहिलेत. मीच खोटं बोललो." ते अजून उभेच होते. "फळवाल्यांनी एका दिवसात जागा सोडली. रमजानात सोडली. माझ्या सांगण्यावरून. उशीर ठेकेदारानं केला, आन आपण सगळे गप बसलो. मीबी."

अभिमन्यूनं बाक बडवला. "वा आप्पा! ऐका, सत्ताधाऱ्यांच्याच तोंडून ऐका!" मग त्यानं अर्धा तास भाषण ठोकलं. त्यात फळवाले कुठंच नव्हते. बबनरावांच्या खुर्चीवर त्याचा डोळा होता. आपलं खरंही दुसऱ्याच्या हातातलं हत्यार झालं, हे पाहून आप्पा आणखीच खजील झाले. बाबूनं दुरुस्तीची नोंद घेतली. वाढीव खर्चाचा ठराव होता तसाच राहिला.

तिथून ते चालत बसस्टँडच्या रस्त्याला गेले. दंड भरून सोडवून आणलेल्या क्रेटवर खाजामियाँ मोसंब्या रचत होता. बातमी आप्पांच्या आधी पोचली होती.

"चुकलो, खाजाभाई," आप्पा म्हणाले.

खाजामियाँ ओशाळला. "कायला बोललात सभेत, आप्पा? तुमचं नाव खराब झालं."

"व्हायलाच पायजे होतं," अमीरबी मागून म्हणाली. नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं, पण या वेळी हातानं थांबवलं नाही. आप्पांना तिचं बोलणं नवऱ्याच्या मायेपेक्षा बरं वाटलं.

पुढच्या निवडणुकीत आप्पांना तिकीट मिळालं नाही. त्यांनी मागितलंही नव्हतं. मंडईला छत आलंय, शटरं अजून बसायचीत. फळवाले रस्त्यावरच आहेत. आप्पा आता नगरपंचायतीत जातात ते त्यांच्या बरोबर, गाळ्यांसाठी अर्ज घेऊन, आणि मुख्याधिकारी साहेबांच्या दाराबाहेर थांबतात. कधी कुणी दुकानात येऊन म्हणतं, "आप्पा, सभेत खरं बोलायला लई हिंमत लागती." आप्पा तेव्हा भांडी पुसायला घेतात, आणि गिऱ्हाइकाला काय पाहिजे ते विचारतात.