मागच्या दाराची पापलेटं

"हा? आमचा मासेवाला," सर पाहुण्यांना म्हणाले.

मी सरांच्या स्वयंपाकघरात उकिडवा बसलेलो. पुढ्यात विळी, कोपरापर्यंत घाण. आणि मी सरांचाच एमएस्सीचा विद्यार्थी. क्वांटम आणि स्टॅटिस्टिकल, दोन्ही विषय तेच शिकवत.

ओढवून घेतलं मीच. दिवाळीत कौतुकानं पापलेटं नेली, मग दर रविवारी नेऊ लागलो. नंतर साफ करून, कापूनही द्यायला लागलो. मला ताऱ्यांवर संशोधन करायचं होतं, आणि पीएचडीच्या त्या जागेसाठी सरांची शिफारस लागायची. भाईंदरच्या बाजारात बसणारी माझी आय स्वतःच्या टोपलीतली मोठी पापलेटं काढून ठेवायची. "ने सरांना. तुजं सगलं त्यांच्या हातात हाय." मागच्या दारानं जायचो, वास येतो म्हणून. मला वाटायचं, हीच वाट आकाशाकडे जाते. असा मी शहाणा!

त्या रविवारी पाहुण्यांनी हॉलमध्ये विचारलं, "विझलेला तारा स्वतःच्या वजनानं कोसळत का नाही, हे पोरांना कसं समजावता?" मला राहवलं नाही. आतूनच ओरडलो, "एका अवस्थेत दोन इलेक्ट्रॉन बसत नाहीत म्हणून!"

हॉलमध्ये हशा. "कोण हो हा?"

तेव्हा सर ते मासेवाल्याचं म्हणाले. वर म्हणाले, "ऐकून ऐकून शिकलाय."

आणि मी काय केलं? मीही हसलो! दुसरं पापलेट उचललं. अर्धं कापलं. मग हात चालेना.

तसाच हॉलमध्ये गेलो. "सर, मी तुमचा विद्यार्थी आहे. मासे माझी आय विकते. तुम्ही कधी विकत घेतले नाहीत."

पुढच्या दारानं बाहेर पडलो. ऐटीत. रस्त्यावर पाय भाजले तेव्हा कळलं, चपला मागच्या दारी राहिल्या. परत गेलो नाही.

जागा दुसऱ्याला गेली. आय म्हणाली, "आता काय करशील?" आज भाईंदरच्या शाळेत विज्ञान शिकवतो. मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला नाही, आता लागणारही नाही.

परवा एक कोळीण कोलंबी घेऊन शाळेच्या मागच्या दाराशी आली. "मास्तर, पोराकडं जरा बघा."

कोलंबी म्हणजे माझा जीव. तरी परत दिली.

"न्हाय मावशी. पोराला पाठव. रिकाम्या हातानं. आणि पुढच्या दारानं."