पाहुणीला दिलेलं पाणी

बसवप्रभु सरांच्या घरी प्रतीक्षाला चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात जायची मुभा होती. एवढी मुभा सरांच्या सुनेलाही नाही, असं विभागातली मंडळी म्हणायची, आणि म्हणताना थोडी जळायचीही. भालकी तालुक्यातल्या मेहकरची ही शेतकऱ्याची पोर. रसायनशास्त्र शिकायला कलबुर्गीच्या एका विद्यापीठात आली आणि वसतिगृहातलं पाणचट सांबार खाऊन वैतागली. एका रविवारी सरांनी तिला घरी जेवायला नेलं. सरांच्या बायकोनं, शिवम्मांनी, ताटात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली, आणि तेव्हापासून तिचा रविवार ठरूनच गेला. शिवम्मांना ती अक्का म्हणू लागली. सर मात्र सरच राहिले.

पीएचडी तिनं सरांकडेच धरली. महाराष्ट्राच्या सीमेवरच्या गावांत लोक घरी पितात ते पाणी कसं आहे, असा विषय होता. आळंद तालुक्यातलं एक गाव निवडलं. गावाचं नाव सांगायला नको, तिथल्या पोरींची लग्नं व्हायची आहेत. बाटल्यांची पिशवी खांद्याला लावून प्रतीक्षा दारोदार हिंडली. प्रत्येक घरी म्हणायची, “मावशी, तुम्ही पिता तेच पाणी द्या.” बायांनी हसत हसत बाटल्या भरून दिल्या, वर चहाही पाजला. प्रयोगशाळेत तपासलं तर पाणी चोख निघालं, दात आणि हाडं धरणारं फ्लोराइड अगदी नावाला. घरोघरचं पाणी इतकं सारखं कसं, अशी शंका यायला हवी होती. ती आली नाही. गाव नशीबवान आहे, असं तिला वाटलं आणि सरांनाही वाटलं. दोघांच्या नावानं जर्नलमध्ये पेपर छापून आला. सरांनी विभागात पेढे वाटले. तालुक्याच्या कचेरीत कुणीतरी तो पेपर पुढे केला, आणि त्या गावात व्हायचा शुद्ध पाण्याचा प्लांट दुसऱ्या गावाला गेला. पाणी चांगलंच आहे म्हटल्यावर प्लांट कशाला?

पुढच्या उन्हाळ्यात उरलेल्या कामासाठी ती पुन्हा त्याच गावी गेली आणि पद्माबाई नावाच्या बाईच्या घरी मुक्कामाला राहिली. सुरुवातीला पाहुणीचा मान मिळाला, मग ती घरातलीच झाली. एका दुपारी तहान लागली म्हणून तिनं मागच्या दारच्या रांजणातून आपल्या हातानं तांब्या भरून घेतला. पहिल्याच घोटाला तोंड वाकडं झालं.

“मावशी, हे पाणी कुठलं?”

“बोअरचं. आम्ही पितो ते.”

“मग मला रोज देता ते?”

“ते कॅनचं. तालुक्याहून टेम्पो येतोय. आल्यागेल्यासाठी घरटी एक कॅन ठेवतेत समदे.”

“मागच्या साली बाटलीत कोणतं भरलं होतं?”

पद्माबाई तिच्याकडे बघतच राहिली. “हे काय विचारायलीस? विद्यापीठातून बाई आली, तिच्या बाटलीत हे मचूळ पाणी वतू व्हय? गावाला अब्रू हाय का न्हाई?”

प्रतीक्षा तिथंच उंबऱ्यावर बसली. पद्माबाईची नात सोनू नेहमी तोंडावर हात ठेवून हसायची. पोर लाजाळू आहे, असं प्रतीक्षानं धरलं होतं. दातांवरचे तपकिरी डाग तिनं कधी नीट पाहिलेच नव्हते. पद्माबाई भिंतीला धरून उठायची, ते तिनं वयाच्या खात्यावर टाकलं होतं.

बाहेरचं कुणी असतं तर सरळ बोअरवर जाऊन बाटली भरून आलं असतं. प्रतीक्षा इथलीच होती, म्हणून फसली. मेहकरला तिची आई चंद्रभागाबाई पाहुण्यापुढं घरातलं सगळ्यात बरं तेच ठेवायची, आणि पोरांना डोळ्यानं दटावायची. दारात आलेल्याला आपण पितो तसलं पाणी कोण देतं? जे आपण लहानपणापासून बघितलं तेच आपल्याला सुचलं नाही, याचा तिला स्वतःचाच संताप आला.

रांजणातलं पाणी तिनं कलबुर्गीला आणून तपासलं. फ्लोराइड कितीतरी जास्त निघालं. आकडे घेऊन ती सरांकडे गेली. सरांनी ते एकेक करून पाहिले.

“नवा पेपर लिही,” ते म्हणाले. “बोअरचं पाणी म्हणून वेगळा. जुना हाय तिथं राहू दे. त्यात खोटं काय हाय? बाटलीत होतं तेच मोजलीस तू.”

“पण सर, गाव हेच पाणी पितं, असं लिहिलंय आपण.”

“मी निवृत्त व्हायलोय, प्रतीक्षा. जाताजाता हे कामून?”

तिनं आकड्यांचे कागद गोळा केले. सर लबाड नव्हते हो. आयुष्यात त्यांनी कुणाचं एक वाक्य उचललं नाही, की विद्यार्थ्याच्या कामावर फुकट नाव लावलं नाही. आपली मान खाली जाऊ नये, एवढंच त्यांना वाटत होतं, आणि ते कुणाला वाटत नाही? प्रतीक्षालाही वाटत होतं. ती गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पद्माबाई काही जर्नल वाचायला बसणार नव्हती. पण तो पेपर खरा म्हणून उभा आहे तोवर त्या गावाला प्लांट मिळणार नाही, हे तिला उठताबसता टोचत राहिलं.

शेवटी तिनं जर्नलला लिहिलं: नमुने गावाच्या पिण्याच्या पाण्याचे नव्हते, ते मी गोळा केले होते, चूक माझी आहे, पेपर मागे घ्यावा. त्यावर सरांची सही लागत होती. सरांनी चष्मा लावून मजकूर वाचला, सही केली आणि कागद परत दिला.

“झालं?” एवढंच म्हणाले.

कुणी आरडाओरडा केला नाही. केला असता तर तिला बरं वाटलं असतं. पुढच्या रविवारी ती आवरून वसतिगृहाच्या खोलीत बसून राहिली. यापूर्वी बोलावणं कधी लागलं नव्हतं, आता ती त्याचीच वाट बघत होती. दुपार उलटली तेव्हा तिनं ओढणी काढून खुंटीला लावली. प्रयोगशाळेत शेजारच्या टेबलावर काम करणारा सुनीलकुमार म्हणाला, “आपल्या पायावर धोंडा मारून घेतलीस बघ. अन् सरांच्या बी.” त्यानंतर चहाला जाताना तो तिला हाक मारायचं विसरू लागला. काही दिवसांनी सगळेच विसरले.

गावात जाऊन तिनं सगळं उघड सांगितलं. पद्माबाईचा चेहरा पडला. “चांगलं पाणी दिलं ही आमची चूक झाली व्हय?”

“न्हाई मावशी, चूक माझी.”

पद्माबाईला ते पटलं नाही. पाहुणचारावर कुणी बोट ठेवलं, एवढंच तिच्या मनात राहिलं. कचेरीत प्लांटचा विषय पुन्हा निघाला, हे मात्र खरं.

सरांचा निरोप समारंभ पावसाळा संपता संपता झाला. प्रतीक्षा शेवटच्या रांगेत बसली होती. भाषणात सरांनी आपल्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्यांची नावं घेतली, कोण धारवाडला आहे, कोण हैदराबादला. सुनीलकुमारचंही घेतलं. मग पाण्याचा घोट घेऊन ते थांबले. प्रतीक्षा खुर्चीत पुढं सरकली. सरांनी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले. टाळ्या वाजल्या, तिनंही वाजवल्या.

बाहेर पायऱ्यांवर शिवम्मा गाडीची वाट बघत उभ्या होत्या. एकदा मागे वळून, सर अजून आत आहेत हे पाहून त्यांनी प्रतीक्षाचा हात धरला.

“यांनी तुझं नाव घेतलं न्हाई. वाईट वाटलं का गं तुला?”

“न्हाई, अक्का,” प्रतीक्षा म्हणाली.

एवढं मात्र ती साफ खोटं बोलली.