तरव्यातून घेतलेली धाव

गाड्यांच्या ग्रुपमधून मला काढून टाकलं आहे. तिथे लिहायचं ते आता इथे लिहितो. वेल्ह्याच्या चढावर माझी जुनी जीप पहिली आली, हा तिथला निकाल खोटा आहे.

मे संपत आला होता. विंझरच्या पुढे बैलगाडीची एक वाट डोंगराला भिडते आणि तिथून मुरमाचा उभा चढ सुरू होतो. आम्ही तिघे होतो. मी भोरचा, कचेरीत कारकून. बाकी दोघे पुण्याचे. कापूरहोळला चहा पितानाच थट्टा सुरू झाली.

"साहेब, ढकलायला माणसं घेतलीत ना भोरहून?"

"तुम्हाला ओढायला दोर घेतलाय," मी म्हणालो.

आधी पुण्याच्या एकाची मोठी डिझेल गाडी चढायला निघाली. तिच्या मागच्या चाकांना लॉक आहे. एक चाक हवेत लटकलं तरी दुसरं ओढत राहतं. पण गाडी लांब. चढाच्या मध्यावर पाण्यानं पाडलेला चर आहे, त्यावर तिचं पोट टेकलं. मग दुसऱ्याची छोटी पेट्रोल. ती हलकी, चर तिनं सहज ओलांडला, पण वरच्या सुट्या मुरमावर चाकं नुसती गरगरली. माझ्या जीपला उंची आहे, लॉक नाही. चरात मागचं एक चाक उचललं की सगळी ताकद त्या हवेतल्या चाकात वाया जाते. दोनदा तसंच झालं. लांबून धाव घेऊन वेगात चर ओलांडणं एवढाच उपाय उरला होता.

चढाच्या पायथ्याशी काळ्या मातीचा सपाट तुकडा होता. कडेनं कुंपणाला करवंदीच्या वाळक्या काटेरी फांद्या टाकलेल्या. पुण्याच्या दोघांना ती जळालेली रिकामी जागा वाटली. मला मात्र दिसताक्षणी कळलं. माझे वडील दर उन्हाळ्यात असाच पालापाचोळा अंथरून राब भाजायचे आणि पावसाआधी त्या कोरड्या मातीत भाताचं बी पेरून ठेवायचे. हा तरवा होता, भाताची रोपं वाढवायची जागा. मातीखाली बी होतं आणि ते मला माहीत होतं.

मी उतरलो. फांद्या माझ्या हातानं बाजूला केल्या. बोटाला काटा लागला तो चोखत गाडीत बसलो आणि तरव्याच्या पार पलीकडून धाव घेतली. जीप वर गेली. माझं बघून त्या दोघांनीही तिथूनच धाव घेतली, चार-पाच वेळा.

शेताची मालकीण आली तेव्हा आम्ही फोटो काढत होतो. साठीची बाई, हातात विळा.

"तरवा हाय हितं. दिसत न्हाई का?"

"मावशी, मोकळी जागा वाटली," डिझेलवाला म्हणाला. "नवीन बियाणं आणून देतो."

"घरचं बी हाय ते. माझ्या सासूपासनं चालत आलंय. बाजारात कुठं घावतंय?" मग बाजूला काढलेल्या फांद्यांकडे बघत तिनं मला विचारलं, "तुमी कुठलं?"

"पुण्याचा," मी म्हणालो.

त्या एका शब्दाची मला आजही शरम वाटते. तरव्यात चाकं घातली त्यापेक्षा जास्त.

पंधरा दिवसांनी त्याच चढावर आठ गाड्या यायच्या ठरल्या. ग्रुपवर मी लिहिलं की तिथे शेत आहे, जाऊ नका. उत्तरं आली ती हसणारी. म्हणून त्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी पोचलो आणि वाटेच्या तोंडावर, दोन बांधांच्या मध्ये, जीप आडवी लावली. किल्ली खिशात घातली.

"पहिला नंबर टिकवायचाय वाटतं साहेबांना," छोट्या गाडीवाला खाली उतरत म्हणाला.

"नंबर तुमच्याकडे ठेवा. मी पेरलेल्या तरव्यातून धाव घेतली. मला माहीत असून घेतली."

"झालं ते झालं. आता गाडी काढा."

"काढणार नाही."

"मग आम्ही ओढून काढू."

"ओढा. आधी मला उचलावं लागेल." मी बॉनेटला टेकून उभा राहिलो. तिथून हललो नाही. अर्धा तास शिव्या, हॉर्न, चित्रीकरण झालं. मग एकेक गाडी मागे घेत ते गेले. मला ग्रुपमधून काढल्याचं लगेच मोबाईलवर आलं.

हॉर्न ऐकून ती बाई बांधावर येऊन उभी होती. मध्ये दोन-तीन सरी झाल्या होत्या, तरवा उगवला होता. चाकं जिथून गेली तिथे माती दगडासारखी बसली होती, हिरवं काही नव्हतं. निम्मा तरवा गेला होता.

"मी भोरचा," मी म्हणालो. "शेतकऱ्याचा मुलगा. त्या दिवशी खोटं बोललो."

"वळखलं व्हतं म्या," ती म्हणाली. "पुन्याचा माणूस काट्यावरनं गाडी घालतो. फांद्या उचलून बाजूला ठेवत न्हाई."

मी माफी मागितली. तिनं ती दिली नाही आणि मीही पुन्हा मागितली नाही.

"औंदा निम्मंच लावायचं," ती म्हणाली. "त्यातलंच बी धरायचं. आनि ती गाडीवाली मानसं परत आली तर?"

"गाडी इथंच राहील. लावणी उरकेपर्यंत."

"आन तुमी?"

"एसटीनं जाईन."

नसरापूरपर्यंत एसटीत उभा होतो. जीप अजून तिथेच आडवी आहे. तिची टायरं बसली असतील. कुणाला तो चढ चढायचा असेल तर आधी तिला हलवावं लागेल, आणि किल्ली माझ्याकडे आहे.