आक्काचं अंगण रस्त्यात गेलं

लग्न होऊन मी हर्सूलच्या पुढं, मोठ्या रस्त्याकडेच्या या वस्तीवर आले, तेव्हा इथं चारच घरं होती. चौघं भाऊबंद गावाबाहेरची जुनी जागा सोडून या मुरमाड माळावर येऊन राहिलेले. लाईट नव्हती. पाणी दूरच्या विहिरीचं. नवरा कंपनीत दुसऱ्या पाळीला गेला की घर खायला उठायचं. समोर माझ्या चुलत जाऊबाई राहायच्या, वयानं बऱ्याच मोठ्या, विधवा. मी त्यांना आक्का म्हणायचे. दिवस कलला की दारातूनच हाक यायची, "एकटी काय बसलीस गं? ये, भाकरी संगंच करू."

वस्तीला विहार नव्हतं. पौर्णिमेला आक्का अंगण सारवायच्या आणि सगळे तिथंच वंदनेला बसायचे. पुढं खांब आले, नळ आला, पिठाची गिरणी आली. शहरातली माणसं प्लॉट बघायला येऊ लागली. आम्हाला कौतुकच वाटायचं.

मग रस्ता रुंद करायचं ठरलं आणि आक्काचं घर त्यात गेलं. जेसीबी आला त्या दिवशी त्या माझ्या ओट्यावर रस्त्याकडं पाठ करून बसल्या. भिंत पडल्याचा आवाज झाला, तशा म्हणाल्या, "चहा टाक." नंतर त्यांचा मुलगा त्यांना कन्नडला आपल्या घरी घेऊन गेला.

माझा नवरा वारला. मुलं पुण्याला गेली. बाकीच्या भाऊबंदांनी जागा विकल्या. तिथं आता बंगले आहेत, आणि त्यांची फाटकं दिवसाही बंद असतात.

यंदाच्या थंडीत एका दुपारी आक्काचा फोन आला. "अगं, मी उतरले, पण तुझं घरच सापडंना."

मी धावतच गेले. मोबाईलच्या दुकानापाशी पिशवी छातीशी धरून त्या भलतीकडंच बघत उभ्या होत्या. लई वाळल्या होत्या.

"हीच का आपली वस्ती?"

"व्हय, आक्का."

"माझं घर कुठशी होतं गं?"

मी रस्त्याच्या मधोमध दुभाजकातली कण्हेर दाखवली. गाड्या जात होत्या. आक्का दोन पावलं पुढं जाऊन मागं सरल्या. "तिथं तर उभंबी राहता येत नाय," म्हणाल्या.

जेवताना त्या म्हणाल्या, "चल माझ्यासंगं कन्नडला. इथं कोण हाय तुझं?"

"मग घर कोण बघंल?"

"घराला काय बघायचंय?"

मी त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकरी वाढली. ऊन उतरल्यावर त्यांना जीपमध्ये बसवलं. जीप गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत थांबले.

परत येताना शेजारच्या बंगल्यातली बाई फाटक लावत होती. तिनं काही विचारलं नव्हतं, तरी मी म्हणाले, "आमच्या जाऊबाई आल्या होत्या. इथल्याच त्या."

"अच्छा," ती म्हणाली आणि आत गेली.

आणखी कुणी बाहेर येतंय का, म्हणून मी जरा वेळ तिथंच उभी राहिले. मग घरी आले आणि टीव्ही मोठ्यानं लावला.