मागून येणारा दम

सदर भागातल्या आमच्या कार्यालयाची लिफ्ट वर्षातले दहा महिने बंद असते. गेल्या वर्षी जानेवारीत रंगारीभाऊ दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, पायरीवरच, फाइली मांडीवर घेऊन बसलेले मला दिसले. ओठ निळसर पडले होते. मी विचारलं, "भाऊ, काय झालं?" त्यांनी नुसता तळहात वर केला. बोलण्यापुरताही श्वास नव्हता. चांगली पाच मिनिटं गेल्यावर म्हणाले, "मॅडम, हे कोणाले सांगू नका."

प्रीतम रंगारी आमच्या विभागातले वरिष्ठ लिपिक. वय बावन्न, राहायला इंदोरा वस्तीत. अकरा वर्षं आमची टेबलं समोरासमोर आहेत. कमी बोलणारा माणूस, अक्षर छापल्यासारखं, आणि दर दीड तासानं खाली पानठेल्यावर जाणारा. दिवसाला पंधरा-सोळा सिगरेटी. ते वर आले की मी खिडकी उघडायचे आणि ते काही न बोलता खुर्ची मागे सरकवायचे.

जिन्यातल्या त्या प्रसंगानंतर डॉक्टरांनी त्यांना एका नळीत जोर लावून फुंकायला लावलं. कागदावर जी रेघ उमटली ती पाहून म्हणाले, ही फुप्फुसं पंचाहत्तरीच्या माणसाची आहेत. फेब्रुवारीत भाऊंनी सिगरेट सोडली. पहिले तीन आठवडे ते लवंगा चघळत, स्टेपलर आपटत. एकदा शिपायावर ओरडले आणि संध्याकाळी त्याच्या घरी जाऊन माफी मागून आले. पण सोडली ती सोडली. मे महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता रोज चाला, आणि जमेल तसं हळूहळू पळायला लागा.

पुढचं मला कळलं ते ऑगस्टमध्ये. जेवणाची सुट्टी होती. भाऊंनी डबा उघडलाच नाही.

"मॅडम, मी वेडा झालो नाही," ते म्हणाले. "आधी पुरतं ऐकून घ्या."

तरुणपणी ते कबड्डी खेळायचे. वस्तीतल्या मंडळाचा डावा कोपरा सांभाळायचे. चढाईला जायचा तो त्यांचा शेजारी, गिरिधर. तेव्हा वस्तीतल्या सामन्यांत चढाईचे तीस सेकंद कोण मोजत बसायचं? दम तुटेपर्यंत चढाई. आणि गिरिधरचा दम तुटायचा नाही. पहाटे दोघं बेझनबागेच्या मैदानाला फेऱ्या मारायचे. प्रीतम पुढे आणि गिरिधर त्यांच्या मागून, "कबड्डी, कबड्डी" म्हणत. मैदानाची एक अख्खी बाजू तो एका श्वासात काढायचा.

कामठीची स्पर्धा जिंकली त्या संध्याकाळी, मंडपाच्या मागे, प्रीतमनं त्याला पहिली सिगरेट दिली.

"तो नाही म्हणून राहिला होता," भाऊ म्हणाले. "मीच म्हटलं, लाजतो काहून बे? एकानं काय होते."

पुढे दोघांची लग्नं झाली, नोकऱ्या लागल्या. कबड्डी सुटली, सिगरेट राहिली. तीन वर्षांपूर्वी गिरिधरला फुप्फुसाचा कर्करोग निघाला. शेवटी त्याला घरीच आणलं होतं, नाकात ऑक्सिजनची नळी. भाऊ भेटायला गेले ते जिन्याखाली एक ओढूनच. ते खाटेपाशी बसले, तसं गिरिधरनं डोळे मिटून नाक वर केलं.

"पिऊन आला ना?" तो म्हणाला. "जवळ ये ना गा. शर्ट आण इकडे."

"मी वाकलो, मॅडम. त्यानं माझ्या कॉलरले नाक लावलं. किती वेळ लावून होता, मले मोजता नाही आलं."

त्यानंतर भाऊ त्या घरी गेले नाहीत. एकोणीस दिवसांनी गिरिधर गेला. त्याला निरोप देऊन स्मशानघाटाबाहेर पडल्या पडल्या भाऊंनी सिगरेट पेटवली होती. हेही त्यांनी आपणहून सांगितलं, माझ्याकडे न बघता.

मे महिन्यात ते त्याच मैदानावर चालायला गेले. पहिले आठ-दहा दिवस अर्धी फेरी झाली की खोकला, काळपट बेडके, आणि सत्तरीचे म्हातारे बाजूनं पुढे निघून जायचे. मग एके सकाळी त्यांनी थोडं पळून पाहिलं. तीस-चाळीस पावलं झाली असतील, मागून आवाज आला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. हळू आवाजात, पण भरभर. पोरं सराव करत असतील असं वाटून त्यांनी वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. लांब दुसऱ्या टोकाला बायका योगासनं करत होत्या. ते पुन्हा पळू लागले आणि आवाजही पुन्हा लागला.

"माझा श्वास तुटला की मी थांबतो," भाऊ म्हणाले. "त्याचा तुटत नाही. मी गुडघे धरून वाकलेला असतो आणि तो पुढे निघून जात नाही, मॅडम. तिथंच असतो. माझ्या पाठीशी. चालूच."

त्यांनी मैदान बदललं. स्कूटर काढून फुटाळा तलावाच्या काठी जाऊन पाहिलं. कानात गाणी घालून पाहिलं, तर एक गाणं संपून दुसरं लागायच्या मधल्या जागेत तो ऐकू यायचा. घरी बायकोला, भावनावहिनींना, पाय दुखतात असं सांगून त्यांनी जाणंच बंद केलं. त्याला आता तीन आठवडे होत आले होते.

मग त्यांनी टेबलाचा खालचा खण ओढला. आत, रबरी शिक्क्यांच्या शेजारी, एक सिगरेट ठेवलेली होती.

"परवा घेतली. त्याले हा वासच पाहिजे असन. पेटवली तर जाईल तो."

डॉक्टरांना सांगा म्हणावं, तर ते सांगणार नव्हते. मी एवढंच विचारलं, "त्यांच्या घरच्यांना भेटलात का, त्यानंतर?"

"पुष्पलतावहिनीले? कोणतं तोंड घेऊन जाऊ?"

"मी येते सोबत," मी म्हणाले.

शनिवारी आम्ही गेलो. गिरिधरची बायको पुष्पलताताई अंगणवाडीत काम करतात. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या खाली बुद्धाची लहानशी मूर्ती. शेजारी गिरिधरचा फोटो होता, चढाईच्या पवित्र्यातला, एक पाय पुढे, हात पसरलेले. भाऊंनी त्याच्याकडे पाठ येईल अशी खुर्ची घेतली.

चहा झाल्यावर ते कामठीचं बोलले. ती पहिली सिगरेट आपण दिली, आपणच लावली त्याला सवय, असं सगळं.

"माहीत आहे मले," पुष्पलताताई म्हणाल्या. "हसत हसत सांगत ते. भाऊ, त्यांनी आपल्या हातानं पेटवल्या तितकी वर्षं. तुम्ही काही रोज येऊन तोंडात ठेवत नव्हते." त्यांनी कप उचलून ट्रेमध्ये ठेवले. "पण तुम्ही आले काहून नाही? दारात कोणी चप्पल काढली की विचारत, प्रीतम आला काय वं? एकोणीस दिवस विचारत होते."

म्हणजे त्यांनीही दिवस मोजले होते.

मग भाऊंनी शर्टाची गोष्ट सांगितली. ती त्यांना ठाऊक नव्हती. त्या बराच वेळ भाऊंच्या कॉलरकडे पाहत राहिल्या.

"त्या दिवशी ते पोटभर जेवले होते," त्या शेवटी म्हणाल्या. "मले समजलंच नव्हतं, काहून ते."

निघता निघता त्या आणखी एक बोलल्या. दवाखान्यातून गिरिधरला श्वासाच्या व्यायामाचं ते तीन गोळ्यांचं प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं. त्याला ते आवडायचं नाही. तो खाटेवर बसून कबड्डी म्हणायचा आणि त्यावर आपला दम मोजायचा. आधी वीसदा व्हायचं, मग दहादा.

"शेवटी तीन," त्या म्हणाल्या. "तिसऱ्यावर तुटे. मग माझ्याकडे पाहत. मी म्हणो, घ्या पुन्हा."

"जोरात म्हणत?" भाऊंनी विचारलं.

"कुठचा जोर. हळूच. पण भरभर."

भाऊंनी वळून गिरिधरच्या फोटोकडे पाहिलं. मैदानावरच्या आवाजाचं ते पुष्पलताताईंपाशी काही बोलले नाहीत, मीही नाही. दारात पुष्पलताताई म्हणाल्या, "माफ केलं असं मी नाही म्हणणार, भाऊ. मले अजून राग आहे. पण येत जा."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते मैदानावर गेले. सोमवारी मला त्यांनी सांगितलं ते असं. पळायला लागताच आवाज आला. पण या वेळी तो चालत राहिला नाही. एक, दोन, तीन, आणि तुटला. मागे नुसती शांतता. मग कोणीतरी घशातून हवा ओढावी तसा आवाज, आणि पुन्हा तीन.

"मी उभा राहिलो," भाऊ म्हणाले. "माझा श्वास शिल्लक होता, मॅडम, तरी राहिलो. तोंडातून निघून गेलं, घे पुन्हा."

त्या दिवशी त्यांच्या खणात रबरी शिक्के तेवढे होते.

आता ते रोज जातात. दिवाळीपर्यंत दोन फेऱ्या होऊ लागल्या. डिसेंबरात डॉक्टरांनी पुन्हा नळीत फुंकायला लावलं. रेघ पुष्कळ वर आली होती. व्यायाम कसा करता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा भाऊ म्हणाले, थोडं पळतो, थोडं थांबतो. रविवारी ते पुष्पलताताईंकडे जातात. कधी गॅसचं सिलिंडर लावून देतात, कधी नुसते बसतात. तिथे फार बोलणं होत नाही. मैदानावरचा आवाज गेलेला नाही.

"भीती वाटते अजून?" मी एकदा जिना चढता चढता विचारलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर आलो होतो आणि ते सहज बोलत होते.

"वाटते ना. रोज निघताना वाटते."

यंदा जानेवारीत एका सकाळी मी त्यांच्यासोबत बेझनबागेला गेले. धुकं होतं, मैदानाचं पलीकडचं टोक दिसत नव्हतं. मी कडेच्या वाटेनं चालत होते. भाऊ माझ्या बाजूनं पळत पुढे गेले, वीस-पंचवीस पावलं, आणि थांबले. मान किंचित मागे वळवून उभे राहिले, सोबतचा माणूस बुटाची नाडी बांधायला थांबला असावा तसे. धाप लागलेली नव्हती. त्यांचे ओठ हलले. मग पुन्हा पळू लागले.

मी काही ऐकलं नाही. पण त्यांच्या मागची ती वाट मी मोकळी सोडली आणि ओल्या गवतातून चालले.