ओरिजिनल चायना

रविवार, ९ फेब्रुवारी, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटे. वेळ अचूक आहे, कारण त्या मिनिटाला नारायणगावातले चिनी साम्राज्य कोसळले आणि मी ते पायरीवर बसून पाहिले. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत चीनवर निस्सीम श्रद्धा असलेला एकच मनुष्य राहतो आणि ते माझे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, आहेत, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करते. बाकी सर्वांच्या दृष्टीने 'चायना' या शब्दाचा अर्थ आठवडाभर चालणारी बॅटरी आणि पहिल्या पावसात उसवणारी चप्पल. आतोबांच्या दृष्टीने त्याचा अर्थ दोन-तीन हजार वर्षांपूर्वीची कांस्यपात्रे आणि मूर्ती असा होता. असे तेवीस नग त्यांनी तीस वर्षांत जमवले होते. त्यामुळे बाजारात कुणीतरी हटकून विचारी, "काय भाऊ, ओरिजिनल हाय का चायना?" आणि आतोबा छाती काढून सांगत, "ओरिजिनल चायना हाय!" पिढी बदलली तरी लोकांचे हसणे तसेच राहिले आणि आतोबांचे उत्तरही.

पेशाने ते जळालेल्या विजेच्या मोटारींचे वाइंडिंग करणारे. तांब्याच्या तारेत आयुष्य गेल्यामुळे धातू आपल्याशी बोलतो, असा त्यांचा समज झाला होता. मुंबईच्या जुन्या बाजारातून, भंगारवाल्यांकडून आणि पुढे मोबाइलवरच्या लिलावांतून वस्तू येत. आलेले भांडे ते प्रथम कानाशी धरून नखाने वाजवत, मग त्याचा वास घेत, मग डोळे मिटून निर्णय देत. "हे मातीत निजलेलं हाय," हा त्यांचा सर्वोच्च अभिप्राय. प्रत्येक नगाला त्यांनी पुठ्ठ्याचे कार्ड बांधले होते आणि त्यावर 'शांग घराणे, पक्के' किंवा 'हान घराणे, बहुतेक' अशी नोंद होती. टोमॅटोच्या क्रेटमध्ये गवत घालून ते पात्रे ठेवत आणि पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून त्यांच्याजवळ दिवसभर साठ वॅटचा दिवा लावत. आत्याच्या पापडांना ही सवलत नव्हती.

एकदा त्यांच्याबरोबर मी जुन्नरच्या जीपमध्ये होते. माणसे एकमेकांच्या मांडीवर बसलेली आणि आतोबांच्या मांडीवर तीन पायांचे, चोच असलेले मद्यपात्र. शेजारी आहुप्याकडची एक म्हातारी बसली होती. तिने बराच वेळ निरीक्षण करून विचारले, "पावणं, ह्याच्यात काय घालत्यात?"

"आजी, यात चीनचे राजे दारू प्यायचे."

"आमच्याकडं राजं न्हाईत बाबा," म्हातारी म्हणाली, "पन पेनारे लई हायती. त्येंना असलं तिपाई भांडं कशाला लागतंय?" जीप हसली. आतोबाही हसले, मात्र पात्रावरचा हात त्यांनी काढला नाही.

या साऱ्या श्रद्धेचे केंद्र होते त्या भांड्यांवरचा हिरवा थर. आपल्या घरांत तांब्या-पितळेवर चढलेल्या हिरव्याला कळंक म्हणतात आणि ज्या घरात तो दिसतो त्या घरच्या बाईला नावे ठेवतात. आतोबांना त्याच कळंकात शतके दिसत. "पोरी, हा हिरवा पैशानं येत न्हाई, येळ जावा लागतो," ते सांगत. धातुशास्त्रातले शिक्षण घेत असल्यामुळे मी तीनदा प्रयोगशाळेतल्या क्ष-किरण यंत्राचा प्रस्ताव मांडला. पितळेत तांब्याबरोबर जस्त असते, कांशात कथील; प्राचीन चिनी कांशात जस्त जवळजवळ सापडतच नाही, तेव्हा एका मिनिटात निकाल लागेल, असे समजावले. तिन्ही वेळा उत्तर एकच मिळाले: "मशीनीला वय कळत न्हाई. डोळ्याला कळतं."

त्या रविवारी अकरा वाजता पुण्याचे एक जाणकार संग्राहक यायचे होते. आतोबांना विकायचे काहीच नव्हते. कुणीतरी जाणत्या माणसाने एकदा 'खरे आहे' म्हणावे, एवढीच त्यांची इच्छा होती. "एक जरी खरं निघालं ना, तरी मी येडा न्हाई," असे ते आदल्या दिवशी मला म्हणाले होते. सकाळी केस कापायला निघताना त्यांनी आत्याला सांगितले, "भांडी जरा साफ करून मांडून ठेव." त्यांना धूळ झटकणे अभिप्रेत होते. परंतु आमच्या घराण्यात 'भांडी साफ करणे' याला एकच अर्थ आहे आणि त्यात चिंच आहे, मीठ आहे आणि नारळाची शेंडी आहे. तीस वर्षे जिला त्या हिरव्याला हात लावू दिला नव्हता, त्या बाईने दोन तासांत आपले कर्तव्य पूर्ण केले. मी उठून अंगणात आले तेव्हा बावीस नग उन्हात लग्नाच्या समयांसारखे झळकत होते.

आतोबा फाटकातच थांबले.

"आवो, पुण्याचं पावणं येनार, आन् घरात कळकलेली भांडी?" आत्या कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. मग तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि तिच्या हातातली शेंडी खाली पडली. "माज्या हातनं वाटुळं झालं का वो?"

आतोबा घंगाळापाशी उकिडवे बसले. पाण्यावर हिरवे पापुद्रे तरंगत होते. शतकांचा थर असा सायीसारखा सुटत नाही, हे मला ठाऊक होते. आणि तांब्यात हयात घालवलेल्या माणसालाही ते ठाऊक असणारच. त्यांनी एक पापुद्रा बोटावर घेतला, चोळला आणि धोतराला पुसला. "रंग व्हता गं," ते म्हणाले. "तू कशाला रडतीस?"

अकराला पाहुणे आले. "काल पाहायला हवे होते," एवढे एक वाक्य आतोबांनी उच्चारले असते, तरी त्यांची तीस वर्षांची लाज राहिली असती. दोष आपोआप आत्यावर गेला असता. पण त्यांनी पाहुण्यांना पाट दिला, चहा दिला आणि सांगितले, "सगळा चायना माल निघाला, राव. हिनं घासला म्हनून कळलं तरी." 'चायना' हा शब्द गावाच्या अर्थाने त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकला.

आत्याचा मात्र विश्वास बसला नाही. नवरा आपल्याला सांभाळून घेतो आहे, असेच तिने धरले. तिने घरातून चिंच हद्दपार केली. आमटीत आमसूल पडू लागले. अडीच आठवड्यांनी आतोबा पुण्यात माझ्या प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले. बरोबर टोमॅटोचे क्रेट. "मशीन लाव," ते म्हणाले. "माज्यासाठी न्हाई. तुज्या आत्याला आकडं ऐकू दे."

क्रेटच्या तळाशी तेविसावा नग होता: गुडघ्यावर बसलेला, नाक झिजलेला एक बुटका दिवाधारी. कार्डावर आतोबांच्याच अक्षरात 'संशयित' असे लिहिलेले. "ह्यो काय साफ होईना," ते ओशाळून म्हणाले. "दोनदा चिंच लावली तिनं. राहू दे, ह्याचं नको."

मी बाविसांबरोबर त्याचेही धातू मोजले, आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा मोजले. मग आत्याला फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि एकेक आकडा वाचत गेले. जस्त एकतीस, जस्त चौतीस, जस्त तेहतीस. बाविसाव्याला आत्या पलीकडून म्हणाली, "म्हंजी खरंच रंग व्हता?" आणि तिचा आवाज मोकळा झाला. आतोबा खिडकीतून बाहेर पाहत होते.

"आता दिवाधारी," मी म्हणाले. "तांबे, कथील, शिसे. एवढ्यावरून वय ठरत नाही, पण आत्याची चिंच आणि हे यंत्र, दोन्ही चाचण्यांत तो टिकला आहे."

"म्हंजी तेविसाव्यांदापण माजा डोळा चुकला?" आतोबा वळून म्हणाले. एवढ्या आनंदाने स्वतःची चूक मोजणारा माणूस मी पाहिला नव्हता. चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याला बराच वेळ पुसला. मग म्हणाले, "जस्ताचं बोल. सावकाश बोल, तिला ऐकू जाऊ दे."

मी वही जवळ ओढली आणि शेवटची नोंद वाचली. जस्त : ०.२ टक्के.