काटेरी नावाच्या कॅसेटवरचे पाच अभिप्राय

वाचनालयाच्या अध्यक्षांनी कॅसेट माझ्या टेबलावर ठेवली. हातरुमालात गुंडाळून आणली होती.

"मॅडम, ही आजच्या आज बाद करा."

"सर, चारच अभिप्राय झालेत. नियम पाचांचा आहे."

"नियम कुणी केला?"

"मीच."

"मग पाचवा तुम्हीच लिहा. तुम्हीसुद्धा सभासद आहात."

ईशान, मीरा, ही गोष्ट बीडच्या वाचनालयातली. मी तिथे ग्रंथपाल होते हे तुम्हाला ठाऊक आहे. रविवारी फोनवर ईशानच्या खोलीतल्या गाण्यांचा गोंगाट ऐकून मी म्हणाले, "हे ब्लॅक मेटल ना?" तर तुम्ही दोघं हसत सुटलात. आजीला हे कुठून माहीत, असं विचारलंत. त्याचं हे उत्तर.

नव्वदनंतर बाजार खुला झाला तसा बीडमध्येही नवा माल येऊ लागला. सुभाष रोडवरच्या एका कॅसेटवाल्याने दुकान बंद करून केबल टीव्हीचा धंदा धरला आणि उरलेल्या कॅसेट खोकं भरून आम्हाला देऊन टाकल्या. त्यात भजनं होती, कव्वाल्या होत्या, गझला होत्या आणि नॉर्वेच्या एका बँडची एक कॅसेट होती. कव्हरवर तोंडाला पांढरं फासलेले चार जण. बँडचं नाव बाभळीच्या काट्यांसारख्या अक्षरांत. मी इंग्रजीत एम.ए. केलेलं, पण मलाही ते वाचता येईना. खाली 'ब्लॅक मेटल : ग्रेटेस्ट हिट्स' एवढं मात्र स्वच्छ होतं. वाचनालयात येणारी प्रत्येक वस्तू दाखलपुस्तकात नोंदवावी लागते. मी नोंदवलं : 'नॉर्वे, निवडक गाणी, नाव काटेरी.'

आमच्याकडे एक पद्धत होती. कॅसेटच्या डबीत एक कार्ड असे. परत करताना त्यावर अभिप्राय लिहायचा, त्याशिवाय पुढची कॅसेट नाही. पाच अभिप्राय झाले आणि पाचही विरुद्ध असले की कॅसेट बाद. एकालाही ती हवी असेल तर ठेवायची. नियम माझाच, आणि मला त्याचा अभिमान होता.

'हिट्स' हा शब्द वाचून लोकांनी ती मोठ्या आशेने नेली. सिरसाळ्याहून माल भरायला येणारे कापड दुकानदार शिवप्पा यांनी लिहिलं : 'दोन्ही बाजू ऐकल्या. गाणाऱ्याचा घसा बसला आहे. ज्येष्ठमध द्यावे. ढोल वाजवणारा मात्र मेहनती.' इंग्रजीच्या प्राध्यापकांनी लिहिलं : 'इंग्रजी असल्याचे सांगतात. एकही शब्द कळला नाही.' तलवाड्याच्या एका शिक्षिकेने लिहिलं : 'म्हैस बिचकली. दोन वेळा दूध दिले नाही.' चौथा अभिप्राय आमच्या अध्यक्षांचा. ते निवृत्त हेडमास्तर. एकच शब्द : 'अशोभनीय.'

पाचवा मी लिहिला. ऑफिसातल्या टेपवर कॅसेट लावली, दीडेक मिनिट ऐकली आणि बंद केली. 'कर्कश. संग्रहास अयोग्य.' मग कार्डावर 'बाद'चा शिक्का मारला आणि कॅसेट रद्दीच्या कपाटात टाकली. एक काम हातावेगळं झालं, असं वाटलं.

दोन दिवसांनी काउंटरवरून मोठा आवाज आला.

"मॅडम, ती काट्याकुट्याच्या नावाची द्या!"

वाचनकक्षातल्या सगळ्यांनी पेपरातून माना वर काढल्या. काशिनाथमामा आले होते. एका जिनिंगमध्ये त्यांची उभी हयात गेली. जिनिंग म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना. तिथल्या यंत्रांच्या आवाजाने त्यांचे कान गेले होते आणि पुढे कारखानाही बंद पडला होता. मी चिठ्ठीवर लिहून दिलं : 'कॅसेट बाद झाली.'

त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "कावून?"

मी रद्दीच्या कपाटातून डबी आणून कार्ड दाखवलं. त्यांनी पाचही अभिप्राय बोट ठेवून वाचले. माझ्या सहीपाशी बोट थांबलं.

"तुमी आख्खी ऐकली?"

मी मान खाली घातली. तेव्हा डबीच्या आत चिकटवलेली तारखांची पट्टी दिसली. कॅसेट बाहेर जाते तेव्हा त्या पट्टीवर शिक्का मारून सभासद क्रमांक लिहायचा असतो. त्यावर तेरा शिक्के होते. पहिले तीन आणि शेवटचा वेगवेगळ्या क्रमांकांचे. मधले नऊ एकाच क्रमांकाचे. काशिनाथमामांच्या.

काउंटर सांभाळणाऱ्या मुळेबाईंना मी विचारलं, "यांचा अभिप्राय का नाही घेतला?"

"कसा घेणार, मॅडम? मामांना विचारायचं म्हणजे ओरडावं लागतं. 'शांतता पाळा' ही पाटी तुमच्याच अक्षरातली हाय. म्हणून मी आपली तशीच देत गेले."

मी मामांना ऑफिसात नेलं आणि कॅसेट लावली. त्यांनी आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि टेपच्या जाळीवर तळहात ठेवला. मी समोर बसले. या वेळी दोन्ही बाजू.

"भजन लावलं तर मला कायच लागत न्हाई," ते म्हणाले. "कानात नुसती हवा. ह्यो ढोलवाला लई नेटाचा, थांबतच न्हाई, म्हणून हाताला लागतं. आमची जिनिंग हाय बघा ही! सगळ्या मशिनी एकदम सुरू झाल्या की असंच व्हायचं. अन् ह्यो बाबा मधीच वरडतो ना? ह्यो आमचा मुकादम!"

मला हसू आवरेना. मामाही हसले, पण हात काढला नाही.

संध्याकाळी मी अध्यक्षांकडे गेले. "सर, पाचवा अभिप्राय रद्द करते आहे. मी कॅसेट पूर्ण ऐकली नव्हती."

"स्वतःचाच अभिप्राय रद्द करता? लोक काय म्हणतील?"

"लोकांनी दोन्ही बाजू ऐकून लिहिलंय. मी नाही. नवा पाचवा अभिप्राय आणलाय."

त्यांनी चष्मा लावला. मामांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं : 'मला हे येवढेच ऐकायला येते. ठेवावी.'

सरांनी वरचे अभिप्रायही पुन्हा वाचले. मग म्हणाले, "त्या शिक्षिकाबाईंना कळवा. गोठ्याजवळ लावू नका म्हणावं." आणि 'बाद'च्या शिक्क्यावर रेघ मारून सही केली.

कॅसेट पुढे बरीच वर्षं राहिली. पट्टी भरली की मी खाली नवी जोडत असे. एका उन्हाळ्यानंतर शिक्के थांबले. मुळेबाई मामांच्या घरी जाऊन कॅसेट घेऊन आल्या. मामांच्या सूनबाईंनी ती स्वच्छ पुसून, कापडात बांधून ठेवली होती. मी निवृत्त झाले तेव्हा कॅसेट विभाग बंद झाला होता. पट्ट्या मात्र मी मागून घेतल्या. माझ्या कपाटात आहेत.

मामांच्या त्या अभिप्रायापासून मी कामाचा नियम बदलला होता. अभिप्राय वाचायचे, पण त्याआधी तारखांचे शिक्के बघायचे.

आणि ईशान, 'तुला ते आवडतं का?' असंही तू विचारलंस म्हणून सांगते. दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं मला आवडलं होतं.